पाठमोरी

"होडी चालवणार कुठे, ते आधी सांगा," कॅप्टन म्हणाली. "मग कुठली घ्यायची ते बघू."

"पिवळी," नवरा म्हणाला.

कॅप्टननं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्या बायकोकडे. मग ती हसली, गिऱ्हाईक गमतीत बोललं असं समजून हसतात तशी. बायकोला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. सकाळपासून हा माणूस असाच वागत होता. गाडीत काही विचारलं तर "हो हो", रस्ता चुकला म्हटलं तरी "हो हो", आणि आता परक्या बाईसमोर ही थट्टा.

दुकान म्हणजे नदीकाठची लांबलचक पत्र्याची शेड होती. लोखंडी घोड्यांवर होड्या पालथ्या घालून ठेवल्या होत्या, लाल, हिरव्या, पिवळ्या. मागच्या बाजूला कुणीतरी एका होडीचा तळ घासत होतं आणि कॉम्प्रेसर धडधडत होता. कॅप्टन हे मालकिणीचं खरं नाव नव्हे, पण काठावरचं सगळं जग तिला त्याच नावानं ओळखायचं. उंच, उन्हानं रापलेली बाई, बोलणं तुकडे पाडल्यासारखं.

"अहो, होडी कुठे चालवणार असं विचारतायत त्या," बायको नवऱ्याकडे तोंड करून म्हणाली.

"हां, कुठे होय! नदीत. आणि मग पुढे जलाशयात."

प्रवासाची कल्पना तिच्या जावेची. दीर आणि जाऊ दर सुट्टीत दोघांच्या होडीतून, म्हणजे कनूतून, कुठे कुठे भटकायचे. या वेळी जाऊ म्हणाली होती, "तुम्ही दोघंही चला की. लेक गेली नोकरीला दुसऱ्या गावी, आता घरात बसून काय एकमेकांची तोंडं बघणार?"

जाऊ सहज बोलून गेली, पण नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवून गेली. तोंडं बघण्यापलीकडे घरात काही उरलंच नव्हतं. नवरा छापखान्यात मोठ्या मशीनवर होता. घरी आला की टीव्ही लावायचा, आवाज अगदी बारीक ठेवून, खाली येणारी अक्षरं वाचत बसायचा. लेकीचा फोन आला की दोन शब्द बोलून "आईशी बोल" म्हणत तिच्या हातात द्यायचा. ती काही सांगायला लागली, की या कानानं ऐकून त्या कानानं सोडून द्यायचा. तिची स्वतःची नोकरी अग्निशमन दलाच्या नियंत्रण कक्षात. दिवसभर कानाला हेडफोन. घाबरलेली, रडणारी, ओरडणारी माणसं फोनवर यायची आणि ती त्यांना धीर देत एकेक गोष्ट करायला सांगायची. सगळं गाव तिचं ऐकतं आणि घरातला एक माणूस ऐकत नाही, हे तिला आताशा फार लागायचं. होडीचं खूळ तिनं म्हणूनच उचलून धरलं. होडीत टीव्ही नसतो. तिथे तरी बोलावं लागेल.

कॅप्टन होड्यांच्या रांगेतून चालायला लागली. ही रुंद आणि सपाट तळाची. संथ पाण्यात मासे धरत बसायला छान, पहिल्यांदा बसणाऱ्यालाही भीती वाटत नाही. पण लाटा आडव्या आल्या की हिचं काही खरं नाही. ही दुसरी लांब, अरुंद, तळ सरळ. मोठ्या पाण्यावर नाकासमोर जाते, सामान भरपूर मावतं, मात्र वळायचं म्हटलं की रुसते. आणि ही पिवळी आखूड, दोन्ही टोकांना वर उचललेली. जोराच्या पाण्यात दगडांमधून काढायला हिच्यासारखी नाही, पण शांत पाण्यात सरळ चालेल तर शपथ.

"सगळ्याला एकच होडी नसते का?" बायकोनं विचारलं.

"सगळ्याला थोडी थोडी चालणारी असते. पण आधी या तिन्ही चालवून बघा. होडी डोळ्यांनी निवडायची वस्तू नाही." मग तिनं दोघांना आपादमस्तक न्याहाळलं. "मागे कोण बसणार? जो मागे बसतो तो होडी वळवतो. पुढच्याला दगड आधी दिसतो, त्यानं ओरडून सांगायचं."

"मी मागे बसतो," नवरा चटकन म्हणाला. हे बरं ऐकू आलं, असं बायकोच्या मनात आलं.

शेडच्या वरच्या अंगाला नदी रुंद आणि आळसावलेली होती. तिथे त्यांनी रुंद होडी आधी पाण्यात घातली. ती पुढे गुडघ्यांवर बसली, तो मागे. कॅप्टन धक्क्यावर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"उजवीकडे घ्या जरा," ती समोर बघत म्हणाली. होडी डावीकडे गेली. "अहो, उजवीकडे!" होडी आणखी डावीकडे गेली आणि वेताच्या बेटात जाऊन घुसली. तिच्या तोंडावर पानं आली. मागून नवरा म्हणाला, "सांगायचं नाही का?"

"सांगत नाही तर काय करतेय? घसा फोडून सांगतेय!"

धक्क्यावरून एक धावणारा गृहस्थ "मला हाक मारलीत का?" म्हणून वळला, कारण तिचं "अहो" पार पलीकडच्या काठावर पोचलं होतं. फक्त हातभर मागे बसलेल्या माणसाला ते पोचलं नव्हतं. तिनं वळून पाहिलं तर तो कपाळाला आठ्या घालून तिच्याकडे टक लावून बघत होता. रागानं बघतोय, असं तिला वाटलं.

लांब होडीत बसल्यावर मात्र दोघांचा हात जमला. वल्हं मारलं की होडी सुरीसारखी पाणी कापत पुढे जायची. वारा सुटला होता, समोरून लहान लहान लाटा येऊन होडीच्या पुढच्या टोकावर फुटत होत्या. वळायचं नव्हतं, त्यामुळे सांगायचंही काही नव्हतं. किनारा लांब गेला. कॅप्टन बोटाएवढी दिसायला लागली.

आणि तिथे, समोरच्या मोकळ्या पाण्याकडे बघत, ती बोलायला लागली. त्याच्या तोंडाकडे बघून हे तिला कधी जमलं नसतं. पाठ असल्यामुळे जमलं.

"तुम्हाला यायचं नसेल तर सांगा," ती म्हणाली. "मी जबरदस्ती करत नाही. पण मला एकदा काय ते कळू दे. लेक गेल्यापासून तुम्ही माझ्याशी धड चार वाक्यं बोलला नाहीत. मी बोलले तर उत्तर नाही. मी रडले त्या दिवशी, तुम्ही पाठ करून पेपर वाचत होतात. तुम्हाला माझ्याबरोबर राहायचंच नसेल, दुसरं कुणी असेल, तर तेही सांगा. मी आकांडतांडव करणार नाही. मला फक्त असं भिंतीशी बोलल्यासारखं जगायचं नाहीये."

बोलताना तिचं वल्हं थांबलं होतं. आता ती कान टवकारून बसली. पाण्याची चुबुक चुबुक, वाऱ्याची भुणभुण. मागे तो वल्हं मारतच होता, एकसारखं, न थांबता.

मग तो म्हणाला, "मस्त पळते ही."

म्हणजे हे असं आहे तर. वल्हं उचलून ती पुन्हा मारायला लागली, जोरानं, हात भरून आले तरी. परत धक्क्याला लागेपर्यंत ती तशीच मारत राहिली.

"ही आवडली वाटतं?" कॅप्टन म्हणाली.

"घरी जाऊ या," ती नवऱ्याला म्हणाली. पण तो तोवर पिवळ्या होडीपाशी जाऊन तिच्यावरून हात फिरवत होता.

"आता ही!" तो म्हणाला. लहान मुलासारखा चेहरा झाला होता त्याचा. तिला त्याचा भयंकर राग आला आणि त्या रागातच ती म्हणाली, "चला. एकदाचं होऊन जाऊ दे."

पुलाच्या खाली नदीचा नूर पालटायचा. पात्र अरुंद व्हायचं, मध्ये दगड डोकं वर काढायचे आणि पाणी त्यांच्यामधून पळायचं. खूप जोराचं नव्हे. नवशिक्यांना कॅप्टन इथेच आणायची. पण गेल्या आठवड्यात वर कुठेतरी पाऊस झाला होता आणि उजव्या काठावरचं एक मोठं झाड मुळांसकट पाण्यात आडवं पडलं होतं.

"नीट ऐका," कॅप्टन म्हणाली. पाण्याचा खळखळाट एवढा होता, की ती बायकोच्या कानाशी तोंड नेऊन, झाडाकडे बोट दाखवत बोलत होती. "मोठा दगड आला की डावीकडून जायचं. डावीकडूनच. उजवीकडचं पाणी गुळगुळीत दिसतं, पण ते सरळ त्या झाडात जातं. पाणी फांद्यांमधून निघून जातं, माणूस अडकतो. दगडाला आपटलात तरी चालेल, झाडाकडे जायचं नाही. समजलं?"

बायकोनं मान हलवली. मागे उभ्या नवऱ्यानंही हलवली, जोरजोरात.

कॅप्टन आपल्या एकटीच्या छोट्या होडीतून मागे राहिली. पिवळी होडी प्रवाहात शिरली आणि पाण्यानं तिला खालून उचलल्यासारखं केलं. ती खरंच गुणी होती. जरा वल्हं टेकवलं की गर्रकन वळायची. पहिले दोन दगड कधी मागे पडले ते कळलंही नाही. नवरा मागे खुशीत काहीतरी ओरडला.

मग मोठा दगड दिसला.

"डावीकडे!" ती म्हणाली.

होडीचं तोंड उजवीकडे वळायला लागलं. उजवीकडचं पाणी खरोखरच आरशासारखं होतं.

"डावीकडे! अहो, डावीकडे घ्या! झाड आहे!"

तिनं आपलं वल्हं उजव्या बाजूला जिवाच्या आकांतानं मारलं, पण मागचा माणूस उलट वळवत असेल तर पुढच्याचं काही चालत नाही. झाड मोठं होत समोर आलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा तिनं नवऱ्याला नावानं हाक मारली. किंचाळून मारली. तो शांतपणे वल्हं मारत राहिला.

ती वळली. तिचं तोंड दिसताच त्याचा चेहरा एका क्षणात पांढरा पडला. पण तेव्हा उशीर झाला होता. होडी आडवी होऊन खोडावर आदळली, दोघंही घाबरून झाडापासून दूर, वरून येणाऱ्या पाण्याच्या बाजूला कलले, आणि पाणी काठावरून घडाघडा आत आलं.

तिच्या हाताला एक फांदी लागली. ती तिला घट्ट मिठी मारून लोंबकळली, पाय झाडले, गुडघा सोलून निघाला आणि ती कशीबशी खोडावर चढून पालथी पडली. पायाखालची होडी कागदासारखी दुमडत झाडाला गुंडाळली गेली. मोडण्याचा आवाज तिला पोटात जाणवला.

"अहो!"

तो तिच्यापासून हातभरावर होता, पाण्यात. प्रवाहानं त्याला खोडावर दाबून धरलं होतं. छातीपर्यंतचा भाग वर, दोन्ही हात खोडावर पसरलेले, आणि कमरेखालचं सगळं अंग पाणी झाडाखाली ओढत होतं. लाइफ जॅकेट गळ्यापर्यंत वर सरकलं होतं.

काठावरून कॅप्टनचा आवाज आला. तिनं आपली होडी वर ओढून टाकली होती आणि मुळांजवळ उभी राहून ती हातातला दोर मोकळा करत ओरडत होती. "पाय वर! पाय पाण्याच्या वर आणा! पोट खोडावर टाका! खाली जायचं नाही!"

त्यानं कॅप्टनकडे पाहिलं. मग खोडाकडे. मग त्यानं दीर्घ श्वास घेतला आणि डोकं खाली घातलं.

तो काय करतोय ते बायकोच्या आधी कॅप्टनला कळलं. "तो बुडी मारतोय! खालून पलीकडे जायला बघतोय! धरा त्याला! खाली फांद्या आहेत!"

बायकोनं खोडावरून स्वतःला पुढे लोटलं आणि दोन्ही हातांनी त्याचे केस धरले. ओढले. त्याचं तोंड वर आलं, पाणी ओकत, डोळे विस्फारलेले. "नको! खाली नको!" ती ओरडली. तो तिच्याकडे बघत होता. पण तिच्या डोळ्यांकडे नव्हे. तो तिच्या ओठांकडे बघत होता.

एका झटक्यात तिला सगळं दिसलं. टीव्हीखालची अक्षरं. हातात दिलेला फोन. जेवताना तो असाच तर बघायचा, हनुवटीच्या वर कुठेतरी, आणि ती समजायची की लक्ष नाही. मघाशी वेताच्या बेटात कपाळाला आठ्या घालून बघत होता, तोही रागानं नव्हे.

घाबरलेल्या माणसाला एका वेळी एकच गोष्ट सांगायची, हे ती झोपेतही करू शकली असती. फक्त आजवर तिनं ते आवाजानं केलं होतं.

ती खोडावर आडवी झाली, तोंड त्याच्या तोंडासमोर आणलं आणि आवाज पार सोडून दिला. ओरडली तर ओठ वाकडे होतील.

"बघ," ती ओठांनी म्हणाली. तिला कळलंही नाही की ती त्याला अरेतुरे करतेय. "माझ्याकडे बघ."

त्यानं मान हलवली.

"खाली. नाही." तिनं मान हलवून नाही केलं. "पाय. वर. पोहतोस तसे."

तो बघत राहिला. मग त्याचे पाय मागे हलायला लागले. एकदा झाडले, पाण्यानं परत खाली ओढले. दुसऱ्यांदा झाडले. तिनं त्याच्या जॅकेटचे खांद्यावरचे पट्टे मुठीत धरले.

"दोर बांधू नका!" मागून कॅप्टन ओरडली. "नुसता हातात द्या!" दोर येऊन खोडावर पडला. बायकोनं तो त्याच्या तोंडासमोर धरला. "हा धर. मी सांगितलं की ओढ. आता नाही. मी सांगेन." तिनं मागे वळून कॅप्टनला मानेनं खूण केली, पुन्हा त्याच्याकडे वळली. त्याचे ओठ निळे पडले होते. तो एकदाही इकडेतिकडे बघत नव्हता. लग्नानंतर कधी त्यानं तिच्याकडे इतकं लक्ष दिलं असेल, असं तिला आठवत नव्हतं.

"पाय... वर... आता!"

त्यानं पाय झाडले, तिनं पट्टे ओढले, काठावरून कॅप्टननं दोर ताणला आणि तो माशासारखा घसरत खोडावर आला, अर्धा तिच्या अंगावर. दोघंही तसेच पडून राहिले. त्याचं हृदय तिच्या खांद्यावर धडका मारत होतं.

"सरकत या," कॅप्टन म्हणाली. तिचा आवाज बसला होता.

शेडमधल्या छोट्या ऑफिसात हीटर लावून कॅप्टननं त्यांना टॉवेल दिले, चहा दिला, आणि मग तिचा बांध फुटला.

"तुम्हाला ऐकू येत नाही हे मला सांगायला नको होतं?" ती नवऱ्यासमोर उभी राहून म्हणाली. आता तीही सावकाश, तोंड उघडून बोलत होती. "मी तुम्हाला त्या पाण्यात पाऊल टाकू दिलं नसतं! तिथे तुमचं प्रेत काढावं लागलं असतं मला!"

"चुकलं माझं," तो म्हणाला. "तुम्ही झाडाकडे बोट दाखवलंत, मला वाटलं तिकडूनच जायचं."

"होडी गेली त्याचं काही नाही. होड्या काय, पुन्हा येतात." ती दार आपटून बाहेर गेली. काचेतून दिसत होतं, ती पिवळ्या होडीच्या रिकाम्या घोड्यापाशी उभी राहून दोन्ही तळव्यांनी डोळे चोळत होती.

दोघं हीटरसमोर बसले. बायकोनं आपली खुर्ची उचलली आणि बरोबर त्याच्या समोर आणून ठेवली.

"कधीपासून?"

"आधी दारावरची घंटा गेली," तो म्हणाला. "मग फोन. मशीनवर सगळ्यांचेच कान जातात, मला वाटलं थोडं माझंही गेलं असेल. तुझा आवाज कधी गेला ते कळलंच नाही. तोंड दिसत होतं ना. मला वाटायचं ऐकू येतंय. आज होडीत बसलो आणि नुसती तुझी पाठ दिसली. तेव्हा कळलं, काहीच येत नाही."

"मग तेव्हाच का नाही सांगितलं?"

"तू चिडली होतीस."

"मी चिडले होते म्हणून मरायला निघालात?"

तो ओशाळून हसला. मग हसू विझलं. "छापखान्यात कळलं तर मशीनवरून उतरवतील. आणि तू... तू दिवसभर अनोळखी लोकांचा श्वाससुद्धा ऐकतेस. तुला घरी आल्यावर सांगू, की मला तुझंही ऐकू येत नाही? मला लाज वाटली."

तिला त्याला एक ठेवून द्यावीशी वाटली. त्याऐवजी तिनं त्याच्या डोक्यावरचा टॉवेल घेऊन त्याचे केस खसाखसा पुसले, गरजेपेक्षा जास्त जोरानं.

"मघाशी त्या लांब होडीत," तो टॉवेलखालून म्हणाला, "तू काहीतरी बोललीस. बराच वेळ. खांदे हलत होते तुझे. काय म्हणालीस?"

तिनं टॉवेल खाली ठेवला. वाऱ्याबद्दल बोलले, म्हणून सोडून देता आलं असतं. पाण्याकडे बघून जे सहज निघालं होतं ते आता त्याच्या डोळ्यांसमोर, ओठ मोजून हलवत बोलायचं होतं.

तिनं ते सगळं पुन्हा सांगितलं. पेपरचं, भिंतीचं, दुसऱ्या कुणाचंही. एकही शब्द गाळला नाही. तो ओठांवरून नजर न काढता ऐकत होता आणि त्याचा चेहरा प्रत्येक वाक्याला आणखी आणखी उतरत गेला.

"आणि यावर मी काय म्हणालो?" त्यानं घाबरत विचारलं.

"मस्त पळते ही."

त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्याचे खांदे हलायला लागले. तो हसतोय असं वाटून ती भडकणार होती, पण बोटांमधून पाणी आलं. तिनं त्याचे हात बाजूला केले, कारण तोंड झाकून तो जे बोलत होता ते या वेळी तिलाही ऐकू येत नव्हतं.

"दुसरं कुणी नाही," तो म्हणत होता. "कुणी कुठलं? मला तर तूच अर्धी कळेनाशी झालीस."

त्या दिवशी त्यांनी होडी घेतली नाही. आधी कानाच्या डॉक्टरकडे गेले. तिथे त्यानं काचेच्या खोलीत बसून बटण दाबायच्या परीक्षेत सपशेल मार खाल्ला. कानामागची यंत्रं आली. पहिल्या आठवड्यात तो ती सारखी काढून ठेवायचा. म्हणायचा, चमचे ओरडतात. दोघांची त्यावरून जुंपायची, आणि भांडताना ती अजूनही सवयीनं त्याच्यासमोर जाऊन उभी राहायची. छापखान्यात त्यानं स्वतःच सांगितलं. त्याला मशीनवरून काढून तपासणीच्या टेबलावर बसवलं. ते त्याला अजून पचलेलं नाही.

मग एका सुट्टीच्या दिवशी ते पुन्हा कॅप्टनकडे गेले. यंत्रं पाण्यात चालणार नव्हती, म्हणजे होडीत तो पूर्वीइतकाच बहिरा. कॅप्टननं बराच विचार केला.

"नदी नाही," ती म्हणाली. "या वर्षी तरी नाही, आणि माझ्या देखत तर नाहीच. जलाशयाचं बोला." तिनं एक मधली होडी काढली. फार लांब नाही, फार रुंद नाही, तळाला जरासा गोलवा. "बसल्याबरोबर डगमगेल. घाबरू नका. सपाट तळाची कलते ती एकदम उलटते. ही कलते आणि तिथेच थांबते."

जागा तिनं बदलली नाही. तो मागेच. पुढे बसला असता तर त्याला तीही दिसली नसती. मात्र पुढच्यानं ओरडायचं नाही, असं ठरलं. वल्हं आडवं धरून डावीकडे दाखवलं की डावीकडे, उजवीकडे तर उजवीकडे, डोक्यावर दोन्ही हातांनी धरलं की थांब. मागच्यानं सारखं पुढच्याच्या हातांवर लक्ष ठेवायचं. त्या दुपारी दोघांनी धक्क्याच्या खांबांमधून इतक्या वेळा होडी काढली, की शेवटी कॅप्टननंच दया येऊन पुरे म्हटलं.

दीर थोडा नाराज झाला. नदीतली मजाच तर खरी, असं त्याचं म्हणणं. तो आणि जाऊ नदीतून आले, हे दोघं होडी गाडीच्या टपावर बांधून रस्त्यानं आले आणि नदी जिथे जलाशयात शिरते तिथे चौघं भेटले. पाणी दूरपर्यंत करडं पसरलं होतं, वारा तिरपा होता. त्यांची होडी दिराच्या होडीपेक्षा मागे पडायची, पण सरळ जायची. कुणी काही बोलत नव्हतं. दिवसभर फक्त तिचं वल्हं वर व्हायचं आणि होडी वळायची.

दुपारी एका खडकाळ किनाऱ्याजवळून जाताना तिनं वल्हं दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं. होडी थांबली नाही. तिनं पुन्हा धरलं. होडी एका बुडालेल्या खडकावरून खरवडत गेली, कलली, बरीच कलली. तिनं श्वास रोखला. होडी तिथेच थांबली, आणि हळूहळू पुन्हा सरळ झाली. तिनं किनाऱ्याकडे बोट केलं. होडी मुकाट्यानं वाळूला लागली.

जाऊ आणि दीर वल्ही आवरून बघत राहिले. ही बाई उतरली, पाण्यातून छप छप चालत मागच्या टोकाला गेली, नवऱ्यासमोर उभी राहिली आणि हातवारे करत बोलायला लागली. तोही काही कमी बोलत नव्हता. तो आकाशाकडे दाखवत होता, ती खडकाकडे. तो एका पक्ष्याकडे बघत राहिला होता, एवढं यांना लांबूनही कळलं. मग ती पुढे येऊन आपल्या जागी बसली.

"अहो जाऊबाई, झालं काय?" जाऊ ओरडली. "एवढं उतरून काय भांडायचं? होडीत बसूनच बोलायचं की!"

"पाठ करून भांडता येत नाही गं आम्हाला," ती म्हणाली, आणि वल्हं पाण्यात घातलं.